धंद्याचं नाव, लोगो, पाकीट आणि बोर्ड: खान्देशातल्या नव्या उद्योजकांनी कोणतं काम कधी करावं

नव्या धंद्याचं ब्रँडिंग बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी फ्लेक्स छापून येतो, मग उद्घाटनाची पत्रिका, मग हजारभर पाकिटं. नाव दुसऱ्या कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे, हे सगळ्यात शेवटी, वकिलाची नोटीस आल्यावर कळतं. तोवर छपाईचे पैसे गेलेले असतात आणि गिऱ्हाईकाच्या तोंडी बसलेलं नाव बदलावं लागतं.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बिबडे, पापड, काळा मसाला, केळीचे वेफर्स, मिरची पावडर, कपडे, छोटी हॉटेलं असे धंदे रोज नव्याने उभे राहतात. माल चांगला असतो. चुकतो तो कामांचा क्रम. म्हणून हा लेख कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिला आहे. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

## तयारी: नाव सुचण्याआधी एक कागद भरा

एका कागदावर चार गोष्टी लिहा.

नेमकं काय विकणार? "खान्देशी पदार्थ" हे उत्तर नव्हे. "ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड आणि कळण्याचं पीठ" हे उत्तर.

कोण घेणार? जळगावातली नोकरदार घरं, लग्नघरं, की पुणे-मुंबईत आणि सुरतेत स्थायिक झालेली आपली माणसं? सुरतेत खान्देशी वस्ती मोठी आहे. माल तिकडे जाणार असेल तर नावापासून पाकिटापर्यंत बरंच काही बदलतं.

कुठे विकणार? किराणा दुकान, बचत गटाचं प्रदर्शन, व्हॉट्सअॅप, की महामार्गावरचं हॉटेल? दुकानात पाकीट इतर पाकिटांच्या रांगेत उभं राहतं, तर व्हॉट्सअॅपवर ते अंगठ्याएवढ्या फोटोत दिसतं.

गिऱ्हाईकाने तुमचाच माल का घ्यावा? "चव चांगली" असं सगळेच म्हणतात. "आमचे बिबडे तळल्यावर तेल धरत नाहीत" हे कामाचं वाक्य आहे. असं एक तरी वाक्य हाती येईपर्यंत लोगोवाल्याकडे जाऊ नका, कारण तोही तुम्हाला हेच विचारणार आहे.

सावधान: बचत गट किंवा भागीदारी असेल तर नावाचा हक्क कुणाकडे राहील हे आत्ताच ठरावात लिहून घ्या. गट फुटला की दोन्ही बाजू तेच नाव वापरू लागतात, आणि मग दोघींचंही गिऱ्हाईक तुटतं.

## टप्पा १: नाव सुचवा आणि निर्दयपणे गाळा

दहा-बारा नावं काढा आणि पुढच्या कारणांनी गाळत जा.

नुसतं वर्णन करणारी नावं आधी बाजूला काढा. "अस्सल खान्देशी", "घरगुती", "गावरान", "शुद्ध मसाले" हे शब्द सगळ्यांचे आहेत. मालाचा प्रकार, दर्जा किंवा ठिकाण एवढंच सांगणाऱ्या नावाला ट्रेड मार्क (मालाची ओळख म्हणून नोंदवायचं नाव किंवा चिन्ह) कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे साधारणपणे नोंदणी मिळत नाही. हे शब्द पाकिटावर बारीक अक्षरात जरूर येऊ द्या, पण नाव म्हणून नकोत.

देवाची, मुलांची आणि आडनावाची नावं लावण्यात गैर काही नाही. पण साई, गणेश, सप्तशृंगी ही नावं गावोगावी आहेत. त्यातलं "तुमचं" कोणतं हे गिऱ्हाईकाला सांगत बसावं लागतं आणि एकट्याचा हक्क सांगणंही अवघड जातं. श्रद्धा असेल तर देवाचा फोटो दुकानात लावा आणि मालाला वेगळं नाव द्या.

थोर व्यक्तींची नावं टाळा. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं व चित्रं धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानेच बंधन आहे. "आदराने लावलं" ही सबब तिथे चालत नाही.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठराविक भागातल्या मालाची त्या भागाच्या नावाने झालेली नोंद. ते मिळालेल्या मालाच्या नावाबद्दल गैरसमज फार आहेत. जळगावची केळी, जळगावची भरीताची वांगी आणि नवापूरची तूरडाळ यांना भौगोलिक मानांकन आहे. तो हक्क सरसकट जिल्ह्यातल्या प्रत्येकाचा नसतो. मानांकनाचं नाव आणि चिन्ह लेबलवर लावायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. पत्त्यात "जळगाव" लिहिणं वेगळं आणि मानांकनाचा शिक्का मारणं वेगळं.

आता जी नावं उरली ती तोंडी तपासा. उदाहरणापुरतं बिबड्यांसाठी "झोका" हे नाव धरू. आखाजीचा झोका घराघरात माहीत आहे, शब्द छोटा आहे आणि बिबड्यांचं वर्णनही करत नाही, म्हणजे सुरुवात चांगली झाली. पण सुरतेच्या बाजारात गुजरातीत "झोकुं" म्हणजे डुलकी, आणि बऱ्हाणपूरचा हिंदी वाचणारा दुकानदार ते "झोंका" म्हणून वाऱ्याची झुळूक समजेल. माल फक्त अमळनेर-चोपड्यात विकायचा असेल तर काही बिघडत नाही. निम्मा माल सुरतेला जाणार असेल तर दुसरं नाव शोधा.

"ळ" असलेलं नाव अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी अनेकदा "य" होऊन येतं, केळी म्हणजे केयी. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त फोनवरून ऑर्डर देताना नाव दोन तऱ्हांनी बोललं जाईल हे ध्यानात घ्या आणि दोन्ही तऱ्हांनी ते ओळखू येतं का ते बघा.

तपासा: नाव एकदाच फोनवर सांगा, समोरच्याला लिहून पाठवायला सांगा. निम्म्याहून अधिक जणांनी वेगवेगळं लिहिलं तर ते नाव सोडा. ही चाचणी बसस्टँडसारख्या गोंगाटाच्या जागेवरून करा, घरातून नको.

नाव ठरलं की त्याचं इंग्रजी स्पेलिंगही लगेच ठरवा. "झोका" झेडने लिहायचा की जे-एचने? पाकिटावर एक, गुगलवर दुसरं आणि बिलावर तिसरं असलं की शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही.

## टप्पा २: नाव मोकळं आहे का ते बघा

हे काम घरबसल्या होतं आणि फुकट होतं, तरी सगळ्यात जास्त गाळलं जातं.

केंद्र सरकारच्या आयपी इंडिया संकेतस्थळावर ट्रेड मार्कचा सार्वजनिक शोध आहे. तिथे आधी वर्ग निवडावा लागतो. सगळ्या वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. आपल्याकडच्या धंद्यांना सहसा लागणारे वर्ग असे: मसाले, पापड, शेव, पीठ यांचा वर्ग ३०, लोणची आणि केळीचे किंवा बटाट्याचे वेफर्स वर्ग २९, तयार कपडे वर्ग २५, हॉटेल आणि खाणावळ वर्ग ४३, दुसऱ्यांचा माल विकणारं दुकान वर्ग ३५.

शोध दोनदा करा. पहिल्यांदा शब्द जसाच्या तसा टाका. दुसऱ्यांदा उच्चारावरून शोधणारा फोनेटिक पर्याय निवडा. आपल्यासारखंच "ऐकू येणारं" नाव तिथे सापडतं, आणि भांडणं बहुतेक अशाच नावांवरून होतात. जी जी स्पेलिंगं संभवतात ती सगळी टाकून बघा. मसाल्याचा धंदा असला तरी वर्ग २९ सुद्धा चाळा, कारण उद्या लोणचं काढलंत तर तिथे कुणी बसलेलं नको.

त्यानंतर गुगल, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि ऑनलाइन विक्रीची दोन-तीन संकेतस्थळं बघा. नोंद नसतानाही कुणीतरी ते नाव वर्षानुवर्षं वापरत असू शकतं, आणि आधीपासून वापरणाऱ्याच्या हक्काला कायदा मान देतो.

सावधान: मोठ्या ब्रँडच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेलं नाव शोधात "मोकळं" दिसलं तरी घेऊ नका. गिऱ्हाईकाची गल्लत होईल एवढं सारखेपण हरकतीला पुरतं. शिवाय अशा नावाने आलेला गिऱ्हाईक तुमचा नसतोच.

## टप्पा ३: हक्क नोंदवा

इथली सगळ्यात महाग चूक अशी: "गुमास्ता काढला, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी क्रमांक मिळाला, म्हणजे नाव आपलं झालं." तसं होत नाही. गुमास्ता हा दुकानाचा कागद, उद्यम हा उद्योगाच्या आकाराचा, जीएसटी कराचा आणि एफएसएसएआय अन्नसुरक्षेचा. चौघांपैकी एकही तुम्हाला नावावर हक्क देत नाही. तो मिळतो ट्रेड मार्कमुळे.

अर्ज टीएम-ए नमुन्यात करायचा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडा. ते काढायला फी नाही, म्हणून त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांना भुलू नका.

पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा. चित्रासह केलेला अर्ज त्या चित्राशी बांधला जातो आणि पुढे लोगो बदलला की प्रश्न उभा राहतो. शब्द नोंदलेला असेल तर अक्षरांचं वळण बदलायला तुम्ही बरेच मोकळे असता.

अर्जात "कधीपासून वापरता" असं विचारलेलं असतं. खरी तारीख लिहा आणि पुरावा जपा: पहिलं बिल, पहिल्या पाकिटाचा फोटो, पहिली जाहिरात. एक फाईल करा आणि दर तीन महिन्यांनी त्यात भर घाला.

अर्ज केला की नावापुढे टीएम (™) लावता येतं. गोलातला आर (®) मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच लावायचा. नोंद नसताना तो लावायला कलम १०७ प्रमाणे मनाई आहे. त्याला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, आता आर्थिक दंड आहे. "सगळेच लावतात" म्हणून छापणारा तुम्हालाही लावून देईल. त्याला नाही म्हणा.

अर्जानंतर तपासणी अहवाल येतो आणि त्यावर आक्षेप असतील तर ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज स्वीकारला गेला की नाव सरकारी ट्रेड मार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि चार महिने हरकतीसाठी खुलं राहतं. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं.

तपासा: अर्जावर ई-मेल आणि मोबाईल कुणाचा आहे? एजंटाचा असेल तर आपलाही पत्ता टाकायला लावा आणि अर्ज क्रमांक घेऊन स्थिती स्वतः बघत राहा. उत्तराची मुदत एजंटाच्या न उघडलेल्या मेलमध्ये संपते आणि अर्ज सोडून दिल्यात जमा होतो.

## टप्पा ४: लोगो करून घ्या, पण फाईलसह

लोगो सुंदर असण्यापेक्षा लहान आकारात वाचता येणं महत्त्वाचं. व्हॉट्सअॅपच्या डीपीत, रबरी शिक्क्यात आणि एका रंगाच्या बिलावर तो ओळखू आला पाहिजे. केळीचा घड, सूर्य, शेतकरी, बैलजोडी आणि वर नाव, असं सगळं एका वर्तुळात कोंबलेला लोगो शिक्क्यात काळा ठिपका होतो. एक चित्र पुरे. नुसती नीट काढलेली देवनागरी अक्षरंही पुरतात, आणि मला तर तीच अधिक आवडतात.

अॅपमधल्या तयार टेम्प्लेटवरून लोगो केला तर तोच टेम्प्लेट उद्या कुणी वडेवालाही वापरेल. त्या चित्रावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. तात्पुरत्या पोस्टसाठी टेम्प्लेट ठीक, लोगोसाठी नको.

डिझायनरला पूर्ण पैसे देण्याआधी पुढच्या वस्तू हातात घ्या:

- कोरलड्रॉची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची मूळ फाईल. व्हॉट्सअॅपवर आलेला जेपीजी म्हणजे लोगो नव्हे.
- तीच फाईल अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून. श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये केलेलं मराठी दुसऱ्या छापखान्याच्या संगणकावर उघडलं की जोडाक्षरं फुटतात. "र्फ" आणि "ट्ट" सगळ्यात आधी बिघडतात. कर्व्ह केलेली फाईल कुठेही तशीच उघडते.
- एकरंगी आवृत्ती, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी.
- रंगांचे सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या प्रमाणाचे) आकडे लिहिलेला कागद. मोबाईलवर झळकणारा भगवा किंवा पोपटी छपाईत मळकट येतो, कारण पडदा आणि शाई रंग वेगळ्या तऱ्हेने दाखवतात.
- लोगोचे सर्व हक्क तुम्हाला दिल्याचं सहीचं पत्र. चार ओळी पुरतात, पण त्या लेखी हव्यात.

## टप्पा ५: लेबल आधी, छापील पाकीट नंतर

सुरुवातीलाच चार रंगांचं छापील पाकीट काढू नका. अशा पाकिटांच्या रोटो छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर (डिझाइन कोरलेला रूळ) लागतो, सिलिंडरचे पैसे आगाऊ जातात आणि कारखाना थोडा माल छापून देत नाही. वजन, किंमत, पत्ता किंवा घटकांची यादी बदलली की उरलेला रोल रद्दी होतो. नव्या धंद्यात या चारही गोष्टी वर्षभरात हमखास बदलतात. म्हणून पहिलं वर्ष साधं पाऊच आणि वर स्टिकर.

स्टिकर साध्या कागदाचा नको. तळलेल्या मालाच्या तेलकट हातांनी आणि खान्देशातल्या उन्हाळ्याने तो काळा पडतो, कडा सुटतात. लॅमिनेट केलेला स्टिकर घ्या. दहा पाकिटांवर लावून दुकानदाराच्या बाहेरच्या रॅकवर आठवडाभर ठेवा आणि मगच हजारांची ऑर्डर द्या. पूर्ण पारदर्शक पाऊचमध्ये वेफर्स दिसतात छान, पण उजेडाने तेल लवकर खवट होतं. खिडकी छोटी ठेवा.

खाद्यपदार्थाच्या लेबलवर काय असायला हवं ते आधी लिहून काढा, सजावट नंतर:

- पदार्थाचं नाव आणि घटक, जास्त प्रमाणातला आधी अशा उतरत्या क्रमाने
- निव्वळ वजन
- सर्व करांसहित कमाल विक्री किंमत, आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर
- उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख, बॅच क्रमांक
- उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल
- एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक चिन्हासह
- शाकाहाराचं चिन्ह: हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल
- ॲलर्जीची सूचना, जसं शेंगदाणे, गहू
- पोषणमूल्यं. काही पदार्थांना यातून सूट आहे, तुमच्या मालाला आहे का ते अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या

या यादीला जागा देऊन जे उरेल तेवढ्यात डिझाइन. उलट केलं की तारीख पाकिटाच्या शिवणीवर जाते.

सावधान: "ऑरगॅनिक" लिहायला प्रमाणपत्र लागतं. "१०० टक्के शुद्ध" सारखे दावे लेबलवर टाळा, असं एफएसएसएआयने २०२५ मध्ये उद्योगांना सांगितलं आहे. "शुगर कमी करतो" तर मुळीच लिहू नका, मेथीचे लाडू असले तरी.

मोठ्या दुकानांत माल द्यायचा असेल तर बारकोड जीएस१ इंडियाकडून घ्या. दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवलेला बारकोड बिलाच्या यंत्रावर त्याच्याच मालाचं नाव दाखवतो आणि दुकानदार तुम्हाला परत उभं करत नाही.

## टप्पा ६: बोर्ड

महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू झालं. दुसरी भाषा चालते, पण मराठी अक्षरं आधी आणि दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. म्हणजे इंग्रजी लोगो मोठा आणि कोपऱ्यात बारीक मराठी असा बोर्ड करून घेतला तर तो बदलावाच लागेल. दिव्यांचा किंवा रस्त्याकडे झुकणारा बोर्ड असेल तर महापालिकेत वा नगरपालिकेत परवानगी आणि फीची आधी चौकशी करा.

बोर्डावर तीनच गोष्टी: नाव, काय मिळतं, फोन. मालाची पंधरा नावं, मालकाचा फोटो आणि शुभेच्छुकांची यादी उद्घाटनाच्या फ्लेक्सवर शोभेल, कायमच्या बोर्डावर नको. फ्लेक्स आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यातच उडतो, त्यात लाल रंग आधी. कायमचा बोर्ड एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या) पत्र्यावर उठावाच्या अक्षरांत करा.

तपासा: रस्त्याच्या पलीकडून, चालत्या मोटारसायकलवरून नाव वाचता येतं का?

## टप्पा ७: फोन, नकाशा आणि पेज

धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि व्हॉट्सअॅप बिझनेस त्यावरच चालू करा. गुगल नकाशावरची नोंद, इन्स्टाग्रामचं पेज आणि डोमेन हे सगळं धंद्याच्या एकाच ई-मेलवरून उघडा आणि पासवर्ड मालकाकडे ठेवा. भाच्याने किंवा डिझायनरने आपल्या खात्यावरून उघडून दिलेलं पेज तो पुण्याला नोकरीला गेला की हातचं जातं. त्याच्याकडून काम जरूर करून घ्या, पण मुख्य मालक म्हणून तुमचंच खातं राहू द्या.

नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे अक्षरशः एकसारखे हवेत. नकाशावर नावापुढे "जळगावमधील सर्वोत्तम मसाले" असं जोडू नका. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे लिहायचं असतं, नाहीतर नोंद बंद पडू शकते.

## टप्पा ८: सणासुदीला लोगो हलू देऊ नका

आखाजी, पोळा, दिवाळी आली की घाईत फ्लेक्स लागतो. छापखान्यातला मुलगा मूळ फाईल न मागता मोबाईलवरचा फोटो बघून लोगो पुन्हा काढतो. हिरवा थोडा निळा होतो, अक्षर जाड होतं, आणि वर्षाअखेरीस गावात तुमचे चार लोगो फिरत असतात. मूळ फाईल, रंगांचे आकडे आणि ठरलेलं स्पेलिंग एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवा. ज्याच्याकडे काम द्याल त्याला आधी त्याची लिंक पाठवा. छापण्याआधी एक नमुना मागा आणि जुन्या पाकिटाशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. रंग जुळला, स्पेलिंग जुळलं, फोन नंबर लावून पाहिला आणि तुमचाच वाजला, की छपाईला होकार द्या.